वाडीतले बुडखे: आंजर्ले, नोव्हेंबर 2020 ते मे 2021

18 नोव्हेंबर 2020

दिवाळी झाली, भात घरात आलं, गडी मोकळे झाले. आता बुडखे काढायला घ्यायचे. 3 जूनच्या निसर्ग वादळात पडलेली झाडं तेव्हा जमेल तशी तोडून बाजूला ओढली होती. वाट, विहीर आणि घराचं छप्पर मोकळं करणं एवढंच त्या वेळी डोळ्यासमोर होतं. वीज नाही, पेट्रोलची मारामार, चेनची करवत गावात मोजकीच. त्यामुळे ज्याने जसं कापलं तसे बुंधे राहिले, काही कमरेएवढे, काही जमिनीसपाट.

आज आबांबरोबर (माझे सासरे) फिरून मोजदाद केली. नारळाचे सात. घराच्या पूर्वेला रायवळ आंब्याचा एक, गोठ्यामागे फणसाचा एक, समुद्राकडच्या वईला (कुंपणाला) उंडीचा एक. पोफळींचे मोजले नाहीत, ते पहारीच्या चार घावांत उचकटतात. गडग्यालगत (दगडी कुंपणाला लागून) गिरिपुष्पाचे खुंट आहेत, पण ते मेलेलेच नाहीत. पावसाळ्यात फुटून माणूसभर उंच झालेत.

भरपाई नारळाला झाडामागे 250 आणि सुपारीला 50 रुपये मिळाली. एक बुडखा खणायला गड्याची मजुरीच त्याहून जास्त जाते, म्हणून गावात पुष्कळांनी बुडखे तसेच ठेवून शेजारी रोपं लावली. त्यांची अडचण मला समजते. पण आमच्या वाडीत (माडा-पोफळींच्या बागेत) अजून उभे माड आहेत आणि त्यांना वाचवायचं असेल तर मेलेल्या माडांचे बुडखे जमिनीत ठेवून चालणार नाही.

21 नोव्हेंबर

विहिरीजवळचा बुडखा पहिला उघडला. वरून कडक, घाव घातला तर पहार परत येते. पण मधला गाभा पावसाने भिजून पार भुसा झालेला. बुवांनी (आमच्याकडचे जुने गडी) कोयत्याने वरची कड उडवली आणि हाताने भुसा उपसला. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या, अंग वळवून पडलेल्या. एका बुडख्यात ओंजळभर.

हा गेंडा भुंगा. मादी कुजक्या माडाच्या खोडात नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालते. अळी तीन-चार महिने ते कुजकं लाकूड खाऊन वाढते, मग कोष, मग डोक्यावर शिंग असलेला काळा भुंगा. तो बाहेर पडला की उभ्या माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेला कोंब चावतो. ती झावळी पुढे उमलते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. आमच्या दोन माडांवर अशा झावळ्या दिसायला लागल्याच आहेत. आणि गेंड्याने पाडलेल्या भोकावाटे सोंड्या भुंगा आत गेला तर माड हाताचा गेला म्हणून समजायचं.

वादळात पडलेली हजारो खोडं किनारपट्टीभर वाडीवाडीतून पडून आहेत. म्हणजे भुंग्याला यंदा जागेची कमी नाही.

अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या, क्षणात फस्त. क्रम ठरला: आधी नारळ, मग फणस आणि उंडी, आंबा शेवटी.

24 नोव्हेंबर

भाऊजींचा मुंबईहून फोन, "वहिनी, जेसीबी बोलवा, तासाला हजार-बाराशे घेतील आणि दुपारपर्यंत सगळं साफ." आमच्या घराकडे येणारी पाखाडी दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांची आणि मध्ये पायऱ्यांची, तिथून हातगाडीसुद्धा वळत नाही. शेजारच्या वाडीतून गडगा पाडून आणता येईल, पण मला तो नकोच आहे. बकेट बुडख्याबरोबर आजूबाजूच्या जिवंत माडांची मुळंही फाडून काढतो, आणि वादळाने आधीच हललेल्या झाडांची मुळं पुन्हा तोडणं परवडणारं नाही. शिवाय शिंपण्याचे पाट आणि जमिनीत गाडलेली पाण्याची नळी आहेच. मोकळं आवार असेल, रस्ता असेल, तर यंत्रासारखं दुसरं काही नाही हेही खरं.

हातानेच करायचं.

26 नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

दुपारपर्यंतच काम. पण माडाचा बुडखा निघतो कसा हे आज नीट समजलं, म्हणून तपशिलात लिहून ठेवते.

माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून सुतळीसारखी मुळं निघतात, हजारोंनी. करंगळीपेक्षा जाड एकही नाही, आणि म्हातारं झाड झालं तरी ती जाड होत नाहीत. म्हणजे कुऱ्हाडीने घाव घालून तोडावं असं मोठं मूळच नाही. पण सगळी मिळून वाळूला अशी धरून बसतात की बुंधा हलत नाही. म्हणून बुवांची रीत अशी: बुंध्यापासून हातभर जागा सोडून गोल चर खणायचा, कमरेइतका खोल. चराच्या आतल्या बाजूची मुळं धार लावलेल्या फावड्याने सरळ खाली तासत जायची. पहारीचं टोक इथे उपयोगाचं नाही, रुंद पात्याची धार लागते. गोल पूर्ण झाला की चर पाण्याने भरायचा आणि रात्रभर सोडायचा. आमची जमीन वाळूसार, त्यामुळे भिजली की मुळांची पकड ढिली होते.

सकाळी बुंध्याच्या वरच्या टोकाला साखळी बांधून चेन कुप्पी (साखळीने ओझं ओढायचं हाताचं यंत्र) लावली. दुसरं टोक पलीकडच्या बुडख्याला. जिवंत माडाला साखळी बांधायची नाही, साल नसलेल्या त्या खोडाची जखम कधी भरत नाही. कुप्पी ओढायला लागल्यावर आधी काहीच झालं नाही, साखळी फक्त ताठ झाली. मग जमिनीखालून मुळं तुटल्याचे बारीक कटकट आवाज. बुंधा वीतभर कलला. थांबून खालची मुळं तासली, पुन्हा ओढला. साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही हे बुवा प्रत्येक वेळी ओरडून सांगत होते आणि ते बरोबरच आहे. हूक निसटला तर साखळी माणसाच्या अंगावर येते.

कमरेएवढा ठेवलेला बुंधा निम्म्या मेहनतीत निघाला, कारण वर जोर लावायला उंची होती. पुढे कुणाला झाड तोडून बुडखाही काढायचा असेल तर त्याने बुंधा छातीएवढा ठेवावा. जमिनीसपाट कापलेला बुडखा दिसायला नीटस, पण त्याला धरायचं कुठे?

5 डिसेंबर

सपाट कापलेल्यांपैकी पहिला. ओढायला काही नाही, म्हणून उलट्या रीतीने केला. गाभा कुजलेला होताच, तो आतून कोरत गेलो आणि नंतर बाहेरचं कडक कवच पाचर मारून फाकवलं. माडाचं लाकूड बाहेर कठीण आणि आत मऊ असतं, त्यामुळे कवच लांब धाप्यांनी (फळकुटांनी) सुटतं. वेळ लागला, पण साखळीची गरज पडली नाही.

काढलेलं लाकूड वाडीत ढीग करून ठेवलं तर सगळं मुसळ केरात, भुंगा त्याच ढिगात घर करील. धापे पातळ फोडून खळ्यात उन्हात पसरले. वाळले की न्हाणीच्या चुलीत. भुसा भुसभुशीत खतासारखा दिसतो, वाफ्यात टाकायचा मोह होतो, पण त्यात अंडी असू शकतात. आधी चार दिवस पातळ थरात ऊन दाखवायचं, कोंबड्यांना उकरू द्यायचं, मग वापरायचा.

शेणखताचा खड्डाही उपसून बघितला. तिथेही अळ्या. खत वरखाली करून मेटारायझियम बुरशी मिसळली, ती अळीच्या अंगावर वाढून तिला मारते. बुरशी ओलाव्यात टिकते, म्हणून वर झावळ्या झाकल्या.

17 डिसेंबर

नारळाचे सगळे निघाले. खड्डे मीटरभर लांब-रुंद-खोल, म्हणजे रोपाला जसा लागतो तसा आयताच. पण प्रत्येक खड्ड्यात रोप लावायचं नाही असं आबांशी बोलून ठरलं. आजेसासऱ्यांच्या काळची लागवड फार दाट आहे, पंधरा-सोळा फुटांवर माड. शिफारस साडेसात मीटरची आहे, म्हणजे जवळजवळ पंचवीस फूट. आबा म्हणाले, "अगं, दाट होते म्हणून तर उंच वाढले आणि वाऱ्यात आले." त्यामुळे सातांपैकी तीनच खड्डे ठेवले, बाकीचे बुजवले. झाडं वाऱ्याने पडली, रोगाने नाही, तेव्हा त्याच जागी लावायला हरकत नाही.

बुजवताना एकदम माती लोटायची नाही. फूटभर थर, वर पाणी, ते मुरलं की पुढचा थर. असं केलं नाही तर पावसात जमीन खचते आणि शिंपण्याचं पाणी तिथेच साचतं. ठेवलेले तीन खड्डे जूनपर्यंत उन्हात उघडे.

6 जानेवारी 2021

फणस. हा खर्चाचा नाही, मिळकतीचा बुडखा आहे. फणसाचा गाभा पिवळाधमक असतो, वाळवी त्याला सहसा लागत नाही, आणि पाट, देव्हारे, चौकटी यांसाठी सुतार तो मागून घेतात. जमिनीलगतचा बुंधा सगळ्यात रुंद, त्यामुळे तो वर न कापता मुळांसकट काढायचा.

इथे फावड्याचं काम नाही. मांडीएवढी जाड चार मुळं चार दिशांना आणि खाली सोटमूळ. माती काढायला विहिरीवरच्या पंपाची नळी लावली. पाण्याने माती धुऊन निघते आणि मूळ स्वच्छ उघडं पडतं. याची गरज करवतीसाठी जास्त. सालीत अडकलेली वाळू चेनचे दात क्षणात बोथट करते. वायर ब्रशने घासून, पुन्हा धुऊन, मगच करवत लावायची. चीक आता सुकलेला, पण आतल्या थरात अजून चिकट. पात्याला खोबरेल तेल लावून घेतलं तेव्हा करवत सुरळीत चालली.

9 जानेवारी

चारही मुळं तोडली. सोटमूळ बुडख्याच्या सावलीत असतं, तिथे चेनची करवत घालायला वाव नाही आणि खड्ड्यात वाकून ती चालवणं धोक्याचं. दोघांनी आडव्या हातकरवतीने कापलं. शेवटचं बोटभर राहिलं तेव्हा पहारीवर पहार टाकून बुडखा उचकटला. खाली ताजा पिवळा काप, त्याला अजून फणसाचाच वास.

सुतारांनी येऊन बघितलं. मोठा भाग फळ्यांना, आडव्या मुळांचे तुकडे पाटाच्या पायांना. गावातच वापरणार, म्हणून वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न नाही. आंबा, फणस, साग, खैर ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. बाहेर पाठवायचं लाकूड असेल तर आधी वनखात्यात चौकशी करावी.

25 जानेवारी

उंडी. समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत वाढलेलं झाड, त्याचा बुडखा काढणं म्हणजे कसोटी. पाचर मारली की लाकूड फाटतच नाही. उंडीचे तंतू एकमेकांत वळलेले असतात. पाचर आत रुतते आणि तिथेच बसते. आबांच्या लहानपणी या झाडाच्या बियांच्या कडू तेलावर घरात दिवे जळायचे आणि लाकूड होड्यांना जायचं. तेच आठवून त्यांनी हर्णै बंदरातल्या होड्या बांधणाऱ्या एका सुतारांना निरोप धाडला.

ते आज आले. बंदरात आता फायबरच्या होड्या जास्त, पण लाकडी होड्यांची दुरुस्ती चालते आणि होडीच्या फासळ्यांना मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड वाक देऊन कापलं तर तंतू तुटतात आणि ते तिथेच मोडतं. बुंधा जिथे मुळात उतरतो तिथला बाक त्यांना हवा होता. त्यांनी पत्र्यातून कापलेला साचा आणला होता. तो एकेका मुळावर ठेवून बघत फिरले, दोन ठिकाणी खडूने खुणा केल्या. "हे दोन वाक मला द्या, बाकी खणून काढायचं काम माझ्या माणसांचं." आम्हाला यापेक्षा चांगला सौदा मिळाला नसता.

2 फेब्रुवारी

उंडी निघाली. खड्डा मोठा आणि समुद्राकडच्या बाजूला आहे, तो तसाच बुजवला तर वई तिथे कमजोर राहील. उंडीचंच रोप लावायचं असं माझं मत. वाढायला वेळ लागेल, पण खारा वारा अडवणारं दुसरं झाड इथे इतकं टिकत नाही. आबांना सुरूचं झाड हवं आहे, ते लवकर वाढतं. दोन्ही लावू, जागा आहे.

15 फेब्रुवारी

गडग्यालगतचं गिरिपुष्प. हा खुंट कापला की दुप्पट फुटतो, कारण मुळात साठा भरलेला असतो. पण त्याचा पाला नत्राने भरलेला, माडाच्या आळ्यात घालायला उत्तम. म्हणून वईतले सगळे ठेवले, दर दोन-तीन महिन्यांनी पाला कापून घ्यायचा. फक्त वाटेवरचे तीन घालवायचे. त्यांची साल जमिनीपासून वीतभर खाली उकरून सोलली आणि यापुढे फुटवा दिसला की पानं मोठी व्हायच्या आत मोडायचा. पानं तयार झाली नाहीत की मुळांकडे नवा साठा जात नाही, जुना संपत जातो. औषध मारायचं नाही, पाट शेजारीच आहे.

9 मार्च

आंबा. सगळ्यात मोठा, जमिनीसपाट कापलेला, घराच्या जोत्यापासून पंधरा-वीस फुटांवर. त्याची मुळं जोत्याखाली गेली आहेत यात शंका नाही. तो ओढून काढायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मूळ खेचलं की त्याबरोबर जोत्याचे चिरे हलतात.

सल्ले पुष्कळ मिळाले. कुणी म्हणे डिझेल ओता, कुणी मीठ भरा, कुणी तूस रचून पेटवून द्या. डिझेल आणि मीठ वाळूत थांबणार नाही, विहीर जवळ आहे आणि आम्ही तेच पाणी पितो. तुसाची धग दिवसेंदिवस जमिनीखाली मुळातून सरकत राहते, वर काही दिसत नाही, आणि मार्चमध्ये वाडीभर सुका पातेरा आहे. शेतात एकटा बुडखा असता तर मी तीच रीत वापरली असती. घराजवळ नाही.

तेव्हा कुजवायचा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दोन गोष्टी कमी पडतात, ओलावा आणि नत्र. जाड गिरमिटाने वीतभर खोल भोकं पाडली, चार-चार बोटांच्या अंतराने. त्यात शेणाचा काला आणि मूठभर युरिया, वर ओली गोणपाटं, त्यावर माती. दर आठवड्याला पाणी. दोन-तीन पावसाळे लागतील.

कुजतं लाकूड म्हणजे वाळवी, आणि घराचे वासे ऐनाचे असले तरी चौकटी आंब्याच्या आहेत. म्हणून बुडखा आणि जोतं यांच्यामध्ये दोन फूट खोल चर मारला, घराकडे गेलेली मुळं तिथे कापली आणि चर खडीने भरला. जोत्याच्या बाजूला मातीच्या नळ्या वर चढताना दिसल्या की लगेच कळेल. तिथे फुलझाडं, कुंड्या, सरपण काही ठेवायचं नाही. हे मी घरात सगळ्यांना बजावलं आहे.

22 एप्रिल

पुन्हा करोनाचे निर्बंध, गडी येत नाहीत. करण्यासारखं फार उरलेलंही नाही. गिरिपुष्पाचे फुटवे मोडले, तीनपैकी एक खुंट आता फुटत नाही. माडांच्या शेंड्यांत आकडी घालून भुंगे शोधायचं काम शेजारच्या पाडेल्यांनी (माडावर चढणाऱ्यांनी) निर्बंधांआधी केलं होतं, तेव्हा दोन माडांतून भुंगे निघाले. नवीन कापलेली झावळी त्यानंतर दिसली नाही.

18 मे

परवा तौक्ते वादळ समुद्रातून वर सरकलं. वारा निसर्गएवढा नव्हता, पण रात्रभर झोप नव्हती आणि पाऊस भरपूर झाला. आज सकाळी वाडीभर फिरले.

बुजवलेले खड्डे चारही टिकले, एकच बोटभर खचला आहे. उंडीच्या खड्ड्याची माती मात्र समुद्राच्या बाजूने वाहून गेली, तिथे आधी जांभ्याचे तुकडे टाकून मग भर घालावी लागेल. आंब्यावरची गोणपाटं उडाली, भोकांत पाणी तुडुंब, काठाला पांढरी बुरशी धरली आहे. खडीच्या चरात वाळवी नाही.

विहिरीजवळचा माड, जो वादळापासून कललेला आहे आणि ज्याच्या बुंध्यापासून शेजारचा बुडखा जेमतेम सहा फुटांवर होता, तो उभा आहे. तिथला चर बुवांनी त्याच्या बाजूने अर्धाच खणला होता आणि बुडखा उलट्या दिशेला ओढला होता. तेव्हा मी विचारलं होतं, "बुवा, पूर्ण गोल का नाही?" ते म्हणाले होते, "वहिनी, मेलेल्याची मुळं सोडवताना जित्याची तुटायला नकोत."

पहिला पाऊस नीट लागला की भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून रोपं आणायची, दोन बाणवली आणि एक प्रताप. खड्ड्यांच्या तळाशी घालायला नारळाची सोडणं साठवली आहेत.